खुल्या समुद्रातलं राखीव क्षेत्र : कायदा नेमका कुठे अडतो?

पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत हिंदी महासागराच्या तापण्याचा अभ्यास चालतो, कारण आपला पाऊस त्याच पाण्यावरून येतो. पण किनाऱ्यापासून लांबचं ते पाणी जपायचं ठरवलं, तर ते राखीव करण्याचा अधिकार कोणाला?

डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने 1609 मध्ये समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही असं मांडलं. पोर्तुगीजांची पूर्वेकडच्या व्यापारातली मक्तेदारी मोडायची होती. वाट मोकळी ठेवण्यासाठी केलेला हा युक्तिवाद पुढे साऱ्या सागरी कायद्याचा पाया झाला आणि आज जागा राखून ठेवायची म्हटलं की तोच आडवा येतो.

1982 च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारानुसार 200 सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि खनिजांवर किनाऱ्यावरच्या देशाचा हक्क. त्यापलीकडे, म्हणजे जगातल्या जवळपास दोन तृतीयांश समुद्रावर, कोणाचंही सार्वभौमत्व नाही. तिथल्या जहाजावर हुकूम चालतो तो, काही अपवाद सोडले तर, त्यावर ज्या देशाचा झेंडा आहे त्याचाच. कलम 192 सगळ्यांना सागरी पर्यावरण जपायला सांगतं. राखीव क्षेत्र जाहीर कोणी करायचं, ते मात्र सांगत नाही.

याचा परिणाम पाहायचा तर मॉरिशस आणि सेशल्सच्या मधला साया दे माल्हा हा उथळ पट्टा पाहावा. तिथे समुद्री गवताची अफाट कुरणं आहेत. देशाचा भूभाग पाण्याखाली 200 मैलांपलीकडे पसरलेला असेल, तर तिथला तळ त्याच्या हक्कात येऊ शकतो. म्हणून इथे तळावर या दोन देशांचा संयुक्त हक्क, वरचं पाणी मात्र खुला समुद्र. तळाला मूळ धरलेलं गवत त्यांच्या ताब्यात, त्याच गवतावर पोहणारा मासा कोणाचाच नाही! एकच अधिवास कायद्याने असा आडवा चिरला आहे.

अंटार्क्टिकाभोवती प्रादेशिक आयोगाने वाट काढली. 2009 मध्ये दक्षिण ऑर्कनी बेटांजवळचं क्षेत्र राखीव झालं, मग 2016 मध्ये रॉस समुद्राचं सुमारे 15.5 लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र, तेही बहुतांशी 35 वर्षांच्या मुदतीने. तिथे एकमत लागतं. रशिया आणि चीनच्या विरोधामुळे पुढचे प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून आहेत.

जून 2023 मध्ये स्वीकारलेला खुल्या समुद्राचा करार 17 जानेवारी 2026 पासून अमलात आला. भारताने त्यावर सप्टेंबर 2024 मध्ये सही केली. एकमत न झाल्यास तीन चतुर्थांश मतांनी राखीव क्षेत्र ठरवता येईल, ही मला त्यातली सर्वांत मोलाची तरतूद वाटते. तरी ठरावीक कारणं देऊन एखादा देश त्यातून बाहेर राहू शकतो, मासेमारी आणि खाणकामाच्या जुन्या संस्थांच्या अधिकाराला धक्का लावता येत नाही, आणि करारात नसलेल्या देशाचा झेंडा लावून आलेल्या ट्रॉलरला हे क्षेत्र बंधनकारकच नाही.