नऊ गुंठ्यांचा चौकोन : जुनी गोल्फ मैदाने व्हिडिओ गेममध्ये कशी उतरली

कबड्डीचे मैदान परभणीत आखले काय किंवा पाटण्यात आखले काय, त्याच्या मापांत फरक पडत नाही. फुटबॉलचेही जवळजवळ तसेच आहे, आणि क्रिकेटमध्ये खेळपट्टीचा स्वभाव बदलत असला तरी तिची लांबी बावीस यार्डच राहते. गोल्फमध्ये मात्र कोणतीही दोन मैदाने सारखी नसतात, कारण तेथे जमीन ही खेळाची केवळ जागा नसून खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी असते. म्हणूनच फुटबॉलच्या एखाद्या व्हिडिओ गेममध्ये स्टेडियमचे छप्पर चुकले तरी सामना बिघडत नाही. उलट गोल्फच्या गेममध्ये झाडे, आकाश आणि क्लबहाऊस हुबेहूब उतरले, पण हिरवळीचा, म्हणजे ज्या भोकात चेंडू घालायचा त्याभोवतीच्या आखूड गवताच्या तुकड्याचा, उतार हातभर चुकला, तर ते मैदान नावापुरतेच उरते. प्रसिद्ध गोल्फ मैदाने पडद्यावर आणण्याचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास त्यामुळे चित्रकलेपेक्षा जमीनमोजणीचा इतिहास अधिक आहे.

मराठवाड्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याची शक्यता आहे. अठरा होलच्या (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून हिरवळीवरील भोकापर्यंतचा टप्पा) पूर्ण मैदानाला साधारण दीडशे एकर जमीन लागते आणि तिचा बराच भाग बारमाही हिरवा ठेवावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या प्रदेशातील लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे हा खेळ जमिनीवर फारसा रुजला नाही, याचे आश्चर्य वाटू नये. येथील बहुतेक तरुणांची गोल्फशी ओळख झाली ती संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरच. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा सतरावा होल ज्यांनी शंभर वेळा खेळला आहे, पण खरी गोल्फची काठी एकदाही हातात धरलेली नाही, असा हा वर्ग आहे, आणि पडद्यावरचे मैदान खऱ्यासारखे आहे की नाही हा प्रश्न त्याच्यासाठी मुळीच गौण नाही.

सेंट अँड्र्यूजपासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल. स्कॉटलंडमध्ये १४५७ साली राजा दुसरा जेम्स याने धनुर्विद्येच्या सरावाकडे दुर्लक्ष होते म्हणून गोल्फवर बंदी घातली होती. म्हणजे खेळ त्याआधीच लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर १७६४ पर्यंत एका फेरीत बावीस होल खेळले जात. त्या वर्षी काही होल एकत्र करून ती संख्या अठरा झाली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. हे मैदान कोणा एका रचनाकाराने कागदावर आखलेले नाही. समुद्राने मागे सोडलेली वाळू, तिच्यावरील आखूड गवत, वारा आणि चरणारी मेंढरे यांनी ते घडवले. तेथे ११२ बंकर आहेत, म्हणजे वाळूचे खड्डे, आणि सात हिरवळी दुहेरी आहेत. एका दुहेरी हिरवळीवर येणाऱ्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा होते, जसे दुसरा आणि सोळावा किंवा पाचवा आणि तेरावा. आपल्या काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीची सवय असलेल्या माणसाला या वाळूच्या माळाची कल्पना चटकन येत नाही. त्या माळावरील उंचवटे इतके बारीक आहेत, की नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यांची नक्कल करणे अशक्यच. ॲलिस्टर मॅकेन्झी या रचनाकाराने सविस्तर मोजणी करून १९२४ मध्ये ओल्ड कोर्सचा जो नकाशा पूर्ण केला, तो आजही अभ्यासकांसमोर असतो.

नक्कल करण्याची ही ओढ संगणकाबरोबर आली असे मात्र नाही. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड हा अमेरिकी तरुण १८७२ मध्ये शिक्षणासाठी सेंट अँड्र्यूजला गेला आणि तेथेच त्याला या खेळाचे वेड लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने ब्रिटनमधील नामांकित होल पुन्हा जाऊन अभ्यासले, त्यांची टिपणे आणि रेखाटने जमवली आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ‘नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका’ उभारताना नॉर्थ बेरिकचा ‘रेडॅन’, प्रेस्टविकचा ‘आल्प्स’ आणि सेंट अँड्र्यूजचा ‘रोड होल’ या होलचे नमुने अमेरिकी मातीत उतरवले. त्याने जुन्या होलची वीटनवीट नक्कल केली नाही. होलमागचा विचार उचलला आणि तो नव्या जमिनीला जुळवून घेतला. ही भूमिका आणि आजच्या हौशी संगणकीय रचनाकारांची सेंटिमीटरपर्यंत अचूक राहण्याची धडपड यांत बरेच अंतर आहे, आणि मला स्वतःला मॅकडोनाल्डची भूमिका अधिक समंजस वाटते.

संगणकावरील सुरुवात अर्थातच ओबडधोबड होती. अमेरिकेतील ॲक्सेस सॉफ्टवेअरच्या १९८६ मधील ‘लीडर बोर्ड’ या गेममध्ये मैदान म्हणजे निळ्या पाण्यातील सपाट हिरवी बेटे होती. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘वर्ल्ड क्लास लीडर बोर्ड’मध्ये सेंट अँड्र्यूज आणि फ्लोरिडातील डोराल ही खरी मैदाने आली, परंतु ज्या कमोडोर ६४ संगणकावर तो गेम गाजला, त्याची स्मृती अवघी ६४ किलोबाइट होती. एवढ्या जागेत फेअरवेचा, म्हणजे हिरवळीकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याचा, आकार, बंकरची जागा आणि अंतरे बसवता येत. जमिनीची घडण बसवणे शक्य नव्हते. १९८६ मध्येच अकोलेड या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ‘मीन १८’ या गेमचे महत्त्व वेगळे आहे. त्यात खेळाडूला स्वतःचे होल रचण्याची सोय दिलेली होती, आणि ज्या हौशी परंपरेने पुढे व्यावसायिक कंपन्यांनाही मागे टाकले तिची पहिली पावले येथे दिसतात.

ॲक्सेसच्याच १९९० मधील ‘लिंक्स’ने कॅलिफोर्नियातील टॉरी पाइन्स हे मैदान पडद्यावर आणले. खऱ्या झाडांची छायाचित्रे संगणकात घेऊन ती दृश्यात बसवली होती, जमिनीला चढ-उतार होते, आणि प्रत्येक फटक्यानंतर संगणक क्षितिजापासून अलीकडे एकेक झाड रंगवत येई, तोवर खेळाडूला थांबावे लागे. नंतरची मैदाने वेगळ्या फ्लॉपीवर विकली जात. मायक्रोसॉफ्टने ही कंपनी १९९९ मध्ये विकत घेतली, आणि त्यानंतर आलेल्या ‘लिंक्स २००१’सोबत मैदान रचण्याचे स्वतंत्र साधन मिळाले. त्या साधनाने हौशी लोकांच्या हाती कारखानाच आला म्हणायला हरकत नाही, पण कच्चा माल अजून अंदाजाचाच होता : दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण, विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि समोच्च रेषांचे नकाशे.

दूरचित्रवाणी या बाबतीत किती दगा देते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे जॉर्जियातील ऑगस्टा नॅशनल. बॉबी जोन्स आणि मॅकेन्झी यांनी रचलेल्या या मैदानावर १९३४ पासून मास्टर्स स्पर्धा होत आली आहे आणि जगभरच्या प्रेक्षकांना त्याचे होल पाठ आहेत. तरीही तेथील दहावा होल सुरुवातीच्या जागेपासून हिरवळीपर्यंत सुमारे शंभर फूट खाली उतरतो, हे पडद्यावर पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण कॅमेऱ्यात उतार सपाट दिसतो. जपानमधील टी अँड ई सॉफ्टने १९८९ मध्येच ऑगस्टावर गेम काढला होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीच्या गोल्फ गेमच्या मालिकेत मात्र हे मैदान २०११ साली आले, आणि त्यासाठी मैदानाची लेझरने मोजणी करण्यात आली.

लेझरच्या या मोजणीला लिडार म्हणतात. विमानातून किंवा ड्रोनमधून लेझरचे स्पंद जमिनीकडे सोडले जातात आणि ते परत येण्यास लागलेल्या वेळेवरून प्रत्येक बिंदूची उंची निघते. झाडांच्या पानांमधल्या फटींतूनही काही स्पंद थेट मातीपर्यंत पोहोचतात, त्यामुळे पुढे संगणकावर झाडे आणि इमारती वगळून उघड्या जमिनीचा नकाशा तयार करता येतो. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०१५ मध्ये आपली लिडार मोजणी सर्वांसाठी मोफत खुली केली. ती मुळात पुराचा अंदाज बांधण्यासाठी केलेली होती. गोल्फवाल्यांचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यातही नसावा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची एक मीटर अंतराची मोजणीही अशीच उपलब्ध आहे. दरम्यान कॅनडातील एचबी स्टुडिओजने २०१४ मध्ये ‘द गोल्फ क्लब’ हा गेम आणला, ज्यात मैदानरचना हाच केंद्रभाग होता. तो खेळणाऱ्यांनी स्वतःच अशी साधने तयार केली, की सरकारी लिडारची उंची आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर आखलेल्या फेअरवे व बंकरच्या सीमा थेट गेममध्ये ओतता येऊ लागल्या.

याचा परिणाम मराठवाड्यातून पाहिला तर काहीसा विचित्र दिसतो. बीडमध्ये बसलेल्या मुलाला इंग्लंडच्या किनाऱ्यावरील जुने मैदान मीटर-मीटरच्या अचूकतेने उभारता येते, पण आपल्याच गावाच्या माळावर एखादा काल्पनिक होल रचायचा झाला तर तितकी माहिती त्याला मिळत नाही. भारतासाठी मोफत मिळणारी उंचीची एक प्रमुख मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवसांत केलेली आहे, आणि तिच्यात तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद अशा चौकोनाला एकच उंची दिलेली असते. तीस गुणिले तीस म्हणजे ९०० चौरस मीटर, आपल्या हिशेबाने जवळपास नऊ गुंठे. गोल्फची साधारण हिरवळ पाच गुंठ्यांच्या आसपास असते. म्हणजे ज्या हिरवळीवर पाच मीटरांत दहा सेंटिमीटरचा उतार चेंडूची वाट बदलतो, ती अख्खी हिरवळ एका आकड्यात गडप होते. बांध, नाला, शेततळे यांचेही तेच.

या सगळ्या प्रवासाला अनपेक्षित वळण मिळाले ते पुन्हा मॅकडोनाल्डच्याच एका मैदानामुळे. लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील दलदलीत सुमारे वीस लाख घनयार्ड वाळू ओतून त्याने अभियंता सेथ रेनोर यांच्यासह लिडो हे मैदान उभारले आणि ते १९१७ मध्ये खुले झाले. अठरावा होल मॅकेन्झीने १९१४ मध्ये एका नियतकालिकाच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेल्या आराखड्यावर बेतलेला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, नौदलाने जागा ताब्यात घेतली आणि मैदान नष्ट झाले. येथे लिडार काय मोजणार? शिकागोच्या परिसरात राहणाऱ्या, अर्थक्षेत्रात नोकरी करणाऱ्या एका हौशी अभ्यासकाने जुनी हवाई छायाचित्रे, जमिनीवरून काढलेली छायाचित्रे आणि त्या काळातील लेख गोळा केले, सावल्यांच्या लांबीवरून उंचवट्यांची उंची ताडली आणि ‘द गोल्फ क्लब’ मालिकेच्या साधनांनी लिडो पडद्यावर पुन्हा उभा केला.

अजिंठ्याच्या परिसरात वाढलेल्यांना अशा कामाची पूर्वपीठिका ठाऊक असते. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांतील चित्रांच्या प्रती केल्या आणि त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या आणि त्यांपैकीही बऱ्याच लंडनमधील दुसऱ्या आगीत गेल्या. तेथे मूळ चित्र भिंतीवर शिल्लक असल्याने नक्कल पुन्हा करता आली. लिडोच्या बाबतीत मूळच उरलेले नव्हते.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील सँड व्हॅली या गोल्फ संकुलाचे मालक कायझर बंधू आणि मैदानरचनाकार टॉम डोक यांनी हे संगणकीय प्रतिरूप पाहिल्यावर ते पुन्हा जमिनीवर आणण्याचे ठरवले. गेममधील उंची-खोली मोजणीच्या भाषेत रूपांतरित करण्यात आली, उपग्रहाच्या मार्गदर्शनाने चालणाऱ्या बुलडोझरना ती पुरवली गेली, आणि त्याबरहुकूम वाळू हलवली गेली. नवा लिडो २०२३ मध्ये खेळासाठी खुला झाला. मूळ मैदानाला लागून असलेला समुद्र गेममध्ये दाखवता आला होता. विस्कॉन्सिनमधली जागा अटलांटिकपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर असल्याने तेथे तेवढा मात्र आणता आला नाही.