अतिरिक्त स्तनऊती

नेहमीच्या दोन स्तनांखेरीज शरीरावर इतरत्र वाढलेली स्तनाची ऊती. ती बहुधा काखेत असते, एका किंवा दोन्ही बाजूंना. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही अंगांनी, स्तन जिच्यातून घडतात ती दुग्धरेषा उमटते आणि पुढे छातीपुरती उरून बाकीची विरते. जिथे ती विरायची राहते तिथे कधी नुसते स्तनाग्र, कधी नुसती ग्रंथी, तर कधी दोन्ही दिसतात. फिनलंडचे शरीररचनातज्ज्ञ कायावा यांनी १९१५ मध्ये मांडलेले अशा ऊतीचे आठ प्रकार आजही वापरात आहेत.

वयात येताना किंवा गरोदरपणी हा फुगवटा जाणवू लागतो. पाळीच्या आधी तो ठणकतो. अनेकींना मात्र तो पहिल्यांदा कळतो बाळंतपणानंतर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते, काख टच्च भरते, हात अंगाशी मिटवत नाही. घरात कुणीतरी काखमांजरी म्हणते आणि शेक सुरू होतो. काखमांजरी लाल होते, पिकते. दुधाची ही सूज मात्र सहसा पिकत नाही. स्तनाग्र नसेल तर दुधाला वाटच नसते, आणि दाबून पिळल्याने ग्रंथीला उलट चालना मिळते. शेकाऐवजी थंड पट्टी ठेवावी, सैल कपडे घालावेत, बाळाला पाजणे चालूच ठेवावे. सूज हळूहळू ओसरते. ताप आला किंवा कातडी लाल झाली तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नये.

निदानाची निम्मी वाट ‘पाळीच्या आधी वाढते का?’ या एका प्रश्नाने सरते. चरबीची गाठ पाळीबरोबर कमीजास्त होत नाही. लसिकाग्रंथींची (लिम्फ नोड्सची) सूज, आपल्याकडे विशेषतः क्षयाची, सोनोग्राफीत वेगळी ओळखता येते. चाळिशीपुढे मॅमोग्राफीही करतात. टणक, वाढती गाठ लागली तर सुईने तुकडा काढून तपासतात. स्तनात होणारे सगळे आजार इथेही होऊ शकतात. कर्करोग क्वचितच होतो, पण ‘काखेतली साधी गाठ’ समजून त्याचे निदान लांबते. म्हणून स्तनतपासणीत काख चाचपलीच पाहिजे.

बहुतेकींना उपचार लागत नाहीत, नीट समजावून सांगणे पुरते. लाजेने वर्षानुवर्षे बिनबाह्यांचे कपडे टाळणारीला तर ते फार आधी कुणीतरी सांगायला हवे होते. दुखणे, हात हलवताना अडचण, विद्रूपता किंवा शंकास्पद गाठ असेल तर शस्त्रक्रिया करतात. शंका नसेल तर अंगावरचे दूध सुटल्यानंतर काही महिन्यांनी. छेद काखेच्या नैसर्गिक वळीत घेतात. चरबी शोषून काढता येते, घट्ट ग्रंथी कापूनच काढावी लागते. नंतर जखमेत पाणी साठू शकते, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो. हे आधीच सांगावे. काढलेली ऊती नेहमी पॅथॉलॉजी तपासणीला पाठवतात.