विरल मृदा संयुगांनी सूक्ष्मजंतूंचे रंजन

यूरोपियम, टर्बियम यांसारख्या विरल मृदा मूलद्रव्यांच्या दीप्तिमान कीलेट संयुगांनी (धातूच्या आयनाला कार्बनी रेणूने अनेक बंधांनी धरून ठेवलेली संयुगे) सूक्ष्मजंतू रंगवून ते अनुस्फुरण (शोषलेली प्रकाशऊर्जा लगेच वेगळ्या रंगाच्या प्रकाशरूपाने बाहेर टाकणे) दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत. या मूलद्रव्यांचे आयन स्वतः फारच थोडा प्रकाश शोषतात. त्यांना वेढणारा कार्बनी रेणू, म्हणजे लिगंड, जंबुपार किरण शोषून ती ऊर्जा आयनाकडे सोपवतो, असे वाइसमन यांनी १९४२ मध्ये यूरोपियमच्या संयुगांवरून दाखवले. यूरोपियमचा तांबडा प्रकाश सुमारे ६१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अरुंद पट्ट्यात मिळतो आणि कीलेटनुसार शेकडो मायक्रोसेकंद टिकतो. नेहमीच्या रंजकांचे अनुस्फुरण व नमुन्यातील पार्श्वप्रकाश काही नॅनोसेकंदांत विझत असल्याने, उद्दीपनानंतर क्षणभर थांबून मोजणी केली की केवळ यूरोपियमचा प्रकाश उरतो.

रंजनाचा आरंभ साधारणपणे स्कॅफ, डायर व मोरी यांच्या १९६९ मधील टिपणापासून धरतात. त्यात थेनॉइलट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटोनेट या लिगंडाचे यूरोपियम कीलेट वापरले होते. १९७१ मध्ये अँडरसन व वेस्टमोरलँड यांनी त्याला निळा प्रकाश देणाऱ्या अनुस्फुरक उजाळकाची जोड देऊन मातीतील जंतू थेट मोजले. या जोडरंजनात तांबड्या दिसणाऱ्या पेशी सक्रिय आणि निळ्या दिसणाऱ्या निष्क्रिय अथवा मृत, असा अर्थ पुढे रूढ झाला. तो जपूनच घ्यावा लागतो. यूरोपियम प्रामुख्याने न्यूक्लिइक अम्लांशी (डीएनए व आरएनए) बद्ध होते असे मानले, तरी तांबडेपणा त्या अम्लांचे प्रमाण आणि पेशीची पार्यता (बाहेरचे पदार्थ आत येऊ देण्याची क्षमता) यांवरही अवलंबून राहणार. उपासमारीत आरएनए घटलेली जिवंत पेशी फिकी दिसू शकते, तर नुकतीच मेलेली तांबडी. शिवाय रंजक अल्कोहोलयुक्त द्रावणात देतात, त्यामुळे पाहतेवेळी पेशी जिवंत नसतेच. म्हणून या रंगभेदास जीवित्वापेक्षा न्यूक्लिइक अम्लांच्या साठ्याचा निदर्शक म्हणणे अधिक रास्त वाटते.

टर्बियमचा हिरवा प्रकाश (सुमारे ५४५ नॅनोमीटर) जंतूंचे बीजाणू ओळखण्यास उपयोगी पडतो. बीजाणूंच्या गाभ्यातील डायपिकोलिनिक अम्ल हेच येथे लिगंडाचे काम करते. परंतु ते उष्णतेने किंवा अंकुरणाने आधी बाहेर काढावे लागते, त्यामुळे काटेकोर अर्थाने हे रंजन नव्हे, रासायनिक परीक्षण होय. प्रतिपिंडांना विरल मृदा कीलेट जोडून विशिष्ट जंतू शोधण्याची रीतही प्रचलित आहे.

पाण्यातील ओ-एच बंधांच्या कंपनांमुळे दीप्ती मंदावते, आणि फॉस्फेट विरल मृदा आयनांशी अविद्राव्य संयुगे बनवते. त्यामुळे नमुना धुताना फॉस्फेटयुक्त उभयप्रतिरोधी द्रावण (बफर) टाळावे लागते.