सालाच्या बोलीपासून करारनाम्यापर्यंत

विदर्भातल्या खेड्यात कामाचा करार पाडव्याला व्हायचा. मालक आणि सालगडी ओट्यावर बसून साल ठरवत: रोख किती, ज्वारी किती, कपडे किती, उचल किती. कागद नसे, पण चार माणसं साक्षीला असत. मुनीम, दिवाणजी किंवा जिनिंगच्या (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) मॅनेजरचं मात्र एवढंही बोलणं होत नसे. घरचाच माणूस, त्याच्याशी काय ठरवायचं! आजची निम्मी भांडणं मला याच सवयीतून आलेली दिसतात.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, वऱ्हाडच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली आणि गावोगावी जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजी टाटांनी तिचा कारभार सोपवला तो रेल्वेतून आलेल्या बेझनजी मेहतांवर. पगारी कारभारी ही जात इथे तेव्हापासून रुजली.

कायदा त्याच्याही आधी आला होता. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सांगतं की, कुणाला कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. कल्याणच्या कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून गेला, तेव्हा १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुदतीच्या आत दुसरीकडे तसंच काम करण्यावरची बंदी मान्य केली. नोकरी सुटल्यानंतरची बंदी सहसा टिकत नाही. तरी आमच्याकडे ‘दोन वर्षे जिल्ह्यातील कोणत्याही जिनिंगमध्ये काम करणार नाही’ हे वाक्य अजून उतरवून घेतलं जातं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराला आधार दिला; मॅनेजर मात्र ‘कामगारा’च्या व्याख्येबाहेरच राहिला. त्याला आधार फक्त करारनाम्याचा.

कंपनी कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्या, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्या, आल्या. पूर्णवेळ सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) हवा आणि तोही सभासदांबाहेरचा, अशी त्यात अट. २०२० च्या केंद्रीय योजनेत त्याच्या पगारासाठी महिना २५,००० रुपयांपर्यंत मदत मिळू लागली, पण तीनच वर्षं. अशा एका सीईओचं नेमणूकपत्र मी वाचलं आहे. चार ओळींचं, त्यात पगार ‘अनुदान जमा झाल्यावर’. चौथ्या वर्षी पगार थांबला आणि तो मुलगा निघाला, तेव्हा गोदामाच्या चाव्या त्याच्या खिशात, जीएसटीचा पासवर्ड त्याच्या मोबाईलवर आणि भागधारकांची नोंदवही त्याच्या घरी होती. चूक त्याची नव्हती. कुणी काही लिहूनच ठेवलं नव्हतं.

पुढच्या सीईओचा करारनामा संचालकांनी तीन पानांचा केला. नोटीस दोन महिन्यांची, पण सोयाबीन-तुरीची खरेदी चालू असताना ती देता येणार नाही. चाव्या, पासवर्ड, नोंदवह्या यादीवर सही घेऊन सोपवायच्या. आणि अनुदान संपलं तरी पगार कंपनीच्या खात्यातून.