तारण नसलेल्यांची पत: देवळा-चर्चच्या आधाराने उभ्या राहिलेल्या पतसंस्थांची पार्श्वभूमी

गरिबाला विनातारण कर्ज देण्याची कल्पना बांगलादेशात १९७० च्या दशकात निघाली, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. तिथे ग्रामीण बँक काढणाऱ्या मोहम्मद युनूस यांचं श्रेय कमी करायचं कारण नाही, पण ही गोष्ट त्याहून किमान सव्वाशे वर्षं जुनी आहे. तिच्या मुळाशी अर्थशास्त्रज्ञ नाही, बँकवालाही नाही. जर्मनीतल्या वेस्टरवाल्डच्या डोंगराळ मुलखातला एक श्रद्धाळू प्रोटेस्टंट नगरप्रमुख आहे.

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन १८४५ साली वायरबुश गावाचा कारभार बघायला आला आणि पुढच्याच वर्षी पीक बुडालं. सरकारने पीठ पाठवलं, पण ते रोख पैसे मोजणाऱ्यालाच द्यायचं, असा हुकूम होता. ज्यांच्या घरात दाणा नाही त्यांच्याकडे रोकड कुठून असणार? रायफायझेनने सधन गावकऱ्यांकडून पैसा गोळा केला, गावाची भट्टी बांधली आणि पाव उधारीवर दिला. पुढे फ्लामर्सफेल्डला बदली झाल्यावर १८४९ मध्ये त्याने दुसरी मंडळी उभी केली. सधन लोकांनी जामीन राहायचं, त्या जोरावर पैसा उभा करून गुरं घ्यायची आणि ती गरीब शेतकऱ्याला पाच वर्षांच्या हप्त्यांवर द्यायची. १८५४ साली हेडेस्डोर्फला त्याने निराधार मुलांचा सांभाळ आणि तुरुंगातून सुटलेल्यांना काम, ही कामंही अंगावर घेतली. ख्रिस्ताने सांगितलेल्या शेजारधर्मावर हे सगळं चालेल, अशी त्याची खात्री होती.

ते चाललं नाही. देणारे थकले. घेणाऱ्यांना फेडीची फारशी फिकीर नव्हती, कारण पैसा दुसऱ्याचा होता. अखेर १८६४ मध्ये त्याने नाइलाजाने रचना बदलली: कर्ज घेणाराच सभासद, आणि सभासदाने बुडवलं तर भार सगळ्यांवर, अगदी घरादारासकट. यालाच अमर्याद जबाबदारी म्हणतात. कार्यक्षेत्र एका चर्चच्या वस्तीएवढंच, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखणारे. पदाधिकारी बिनपगारी. नफा वाटायचा नाही, राखीव निधीत टाकायचा. या बदलाचं रायफायझेनला मनातून दुःख होतं, पण माझ्या मते त्याची खरी कमाई हीच. खैरातीची संस्था मोडली, तेव्हा कुठे टिकणारी संस्था उभी राहिली.

या कहाणीला एक काळी बाजूही आहे, आणि सहकाराच्या गौरवग्रंथांत ती सहसा येत नाही. सावकाराविरुद्धच्या रागात ज्यू व्यापाऱ्यांचा द्वेष मिसळला होता, खुद्द रायफायझेनच्या लेखनातही तो दिसतो. 'आपली माणसं' एकदा ठरली की 'परकी माणसं'ही ठरतात.

आता आपल्याकडे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षण कायदा केला. कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा होता, पण जमीन ओढून घेता येणार नाही म्हटल्यावर सावकारही हात आखडता घेणार, हे उघड होतं. सावकार हटवणं एक, त्याच्या जागी दुसरा पैसा उभा करणं दुसरं. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी या दुसऱ्या कामासाठी युरोपातल्या संस्थांचा अभ्यास केला. १८९५ ते ९७ दरम्यान निघालेल्या त्यांच्या जाडजूड अहवालाचं सार दोन शब्दांत सांगितलं जातं: रायफायझेन शोधा.

त्यातूनच १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला. दहा जणांनी एकत्र येऊन संस्था काढावी. ते दहा एका गावचे असावेत, किंवा निबंधकांच्या परवानगीने एका जमातीचे वा जातीचे असले तरी चालेल. हे दुसरं कलम फारसं कुणाच्या लक्षात नसतं, पण पुढचा बराच इतिहास त्यातून घडला. मुंबईत सारस्वत समाजाने १९०६ मध्ये काढलेली शामराव विठ्ठल संस्था याच काळातली, अर्थात ती शहरी पगारदारांची. खेड्यापाड्यांत जातीपेक्षा धर्मसंस्थेचं जाळं जास्त उपयोगी पडलं, कारण तिथे माणसं दर आठवड्याला आपणहून जमत होती, आणि लिहिता-वाचता येणारा एक तरी माणूस कायम हजर असायचा.

त्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण छोटानागपूरचं, म्हणजे आजच्या झारखंडचं. मुंडा आणि उरांव शेतकऱ्यांच्या जमिनी जमीनदार, ठेकेदार आणि सावकारांच्या घशात जात होत्या. या बाहेरच्यांना तिथे 'दिकू' म्हणतात. जेझुइट या कॅथलिक पंथातले बेल्जियन धर्मगुरू फादर कॉन्स्टंट लीव्हन्स १८८५ मध्ये तोरपाला आले आणि आदिवासींच्या बाजूने कोर्टकचेऱ्यांत उतरले. लोक हजारोंनी ख्रिस्ती झाले, आणि त्यात श्रद्धा किती, जमीन वाचवण्याची आस किती, हा वाद तेव्हापासूनचा आहे. पण मिशनऱ्यांनाही सगळ्यांनी आपलं मानलं नव्हतं. १८९९ च्या नाताळात बिरसा मुंडांच्या उलगुलानाला, म्हणजे उठावाला, तोंड फुटलं, तेव्हा सरवदाच्या मिशनवरही बाण आले.

त्या सरवदाला काम करणारे फादर योहान हॉफमन जर्मन. मुंडारी भाषेचा प्रचंड ज्ञानकोश हे त्यांचं नंतरचं काम. १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्यात मुंडांच्या सामाईक खुंटकट्टी जमिनीचे हक्क आले, त्यामागे त्यांचा मोठा हात होता. आदिवासीची जमीन बाहेरच्याच्या नावावर जाण्याला या कायद्याने आळा घातला. पण सुप्यानंतर जी अडचण दख्खनेत होती, तीच इथे उभी राहिली: जमीन गहाण पडत नाही, तर बी-बियाण्याला आणि आजारपणाला पैसा देणार कोण? दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, हॉफमननी छोटानागपूर कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. साचा थेट रायफायझेनचा.

पैशापेक्षाही लोकांच्या जवळचं होतं ते धानगोला, म्हणजे गावाचं धान्यकोठार. काढणी झाली की प्रत्येक घराने थोडं धान कोठारात घालायचं. पावसाळ्यात, घरातलं सरलं की, तिथून उसनं न्यायचं आणि नव्या पिकावर थोडी वाढ घालून परत करायचं. सावकाराचं धान्य सवाईने-दिढीने फेडावं लागायचं, इथली वाढ गावाच्याच कोठारात पडायची. पुढच्या वर्षी कोठार थोडं अधिक भरलेलं. ज्याच्या हाती नाणं फिरतच नाही त्या माणसाला बचत करायला सांगायची तर ती धान्यातच सांगावी लागते, हे हॉफमनना उमगलं होतं. आजच्या किती तरी योजनांना अजून उमगलेलं नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून हॉफमनना १९१५ मध्ये देश सोडावा लागला. ते परत आले नाहीत, १९२८ मध्ये जर्मनीतच वारले. संस्था मात्र बंद पडली नाही, बेल्जियन पाद्र्यांनी आणि स्थानिकांनी ती चालवली.

याच सुमाराला आपल्या वसईतही तसंच काही घडत होतं. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी पापडीला कॅथलिक पतसंस्था सुरू केली. सभासद बहुतेक केळी, पानवेली आणि भाजीपाला काढणारे बागायतदार. योगायोग असा, की ते रायफायझेनच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं. छोटानागपूर आणि वसई यांत एक फरक आहे. वसईचा शेतकरी मुंबईच्या बाजाराला लागून होता, त्याच्या हातात पैसा खेळत होता. म्हणूनच असेल, ती संस्था वाढत वाढत आज शेड्युल्ड बँक झाली आहे आणि केळीच्या बागांच्या जागी इमारती आल्या तरी तिचं काही अडलं नाही.

हिंदू देवस्थानांकडे पैसा नव्हता असं नाही, पण तो अन्नदान, धर्मशाळा, शाळा यांकडे जायचा. वेगळी वाट धरली ती कर्नाटकातल्या धर्मस्थळाने. देव मंजुनाथ म्हणजे शंकर, पुजारी माध्व वैष्णव आणि कारभारी जैन हेगडे घराणं, असं हे मुळातच एका चौकटीत न बसणारं ठिकाण. वीरेंद्र हेगडे यांनी १९८२ मध्ये बेळतंगडी तालुक्यात ग्रामविकास योजना सुरू केली. भूसुधारणांत नव्याने जमीन मिळालेल्या, पण ती कसायला साधनं नसलेल्या लहान शेतकऱ्यांना हात द्यायचा, इथून सुरुवात झाली. मग गट आले. 'प्रगतिबंधू' गटात पाच-आठ शेतकरी असतात. आठवड्यातला एक दिवस सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात राबायचं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या. आपल्याकडची सावड म्हणा ना! बचत आणि कर्ज या सावडीला जोडलेलं आहे. जो माझ्या बांधावर दर आठवड्याला घाम गाळतो त्याचा हप्ता चुकला तर का चुकला हे मला कुणी सांगावं लागत नाही. पुढे बायकांचे बचतगट आले, बँकांचा पैसा आला आणि योजना कर्नाटकभर पसरली.

धर्मस्थळाची आणखी एक ओळख आहे. लोक तिथे तंटे सोडवायला जातात, आणि मंजुनाथाच्या नावाने खोटं बोलायला माणूस धजत नाही. अशा ठिकाणच्या नावाने आलेलं कर्ज लोक चुकवत नाहीत, यात नवल नाही. पण वसुलीच्या मागे देव उभा असला की अडचणीतल्या कर्जदाराने 'या महिन्यात जमत नाही' म्हणायचं कुणाला? आंध्र प्रदेशात २०१० मध्ये गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीविरुद्ध ओरड झाली आणि सरकारने अध्यादेश काढला. कंपनीविरुद्ध बोलायला माणूस कचरत नाही, देवस्थानाविरुद्ध तक्रार करणं जड जातं. म्हणून अशा संस्थांवरची देखरेख सैल नव्हे, उलट जास्त कडक हवी, असं मला वाटतं.

व्याज निषिद्ध मानणाऱ्या इस्लामी परंपरेत गाडी फिरून जवळपास रायफायझेनच्या पहिल्या टप्प्यावर येते. लाहोरमध्ये डॉ. अमजद साकिब यांनी २००१ मध्ये 'अखुवत' ही कर्ज देणारी संस्था सुरू केली. पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं, बिनव्याजी, पैसा देणगीदारांचा. कर्जवाटप मशिदीत होतं आणि चर्चमध्येही, कर्जदाराचा धर्म विचारत नाहीत. ज्यांचं बस्तान बसलं ते कर्जदार पुढे स्वतःच देणगी देऊ लागतात, असा तिथला आग्रह आहे. तरी पसारा वाढला तसा देणग्यांचा पैसा अपुरा पडला, आणि २०११ पासून पाकिस्तानातल्या पंजाब प्रांताच्या सरकारचा निधी अखुवतमार्फत वाटला जाऊ लागला.