साठीनंतरची रंगपेटी

रंग भरल्यानं मन निवतं, असं हल्ली सगळेच सांगतात. पण कसल्या चित्रानं? २००५ साली अमेरिकेत नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी हेच तपासलं. ८४ विद्यार्थ्यांना त्यांनी आधी भीतीचा प्रसंग आठवून लिहायला लावला आणि मग २० मिनिटं रंगवायला बसवलं. काहींना गोल मंडलाकृती दिली, काहींना चौकड्याची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकडा रंगवणाऱ्यांची घबराट उतरली. कोऱ्या कागदावर तसा गुण आला नाही. आखलेल्या घरात हात गुंततो आणि ‘आता काय काढू?’ हा प्रश्न उरत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

हा प्रयोग तरुणांवरचा होता. सत्तरीतल्या माणसाला तसाच आराम मिळायचा, तर चित्र त्याच्या डोळ्यांना आणि बोटांना झेपायला हवं. ‘मोठ्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुस्तकांत दोन-तीन मिलिमीटरची घरं असतात. तिथं रंग बाहेर जातो, मान दुखते आणि पुस्तक कपाटात जातं. सुरुवातीला एका पानावर पंधरा-वीसच घरं असावीत, सर्वांत लहान घर निदान एक सेंटिमीटर रुंद असावं आणि रेघ ठळक असावी.

असे नमुने बेळगाव भागात घरोघरी आहेत. इरकली लुगड्याचा चौकडा, खणावरची बुट्टी म्हणजे छोटी नक्षी, कसुतीच्या भरतकामातली गोपुरं, रथ आणि तुळशी वृंदावनं. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतातलं कमळ तर दगडात कोरलेलं मंडलच आहे. ही बस्ती १२०४ सालची. सर्वांत सोपी मात्र ठिपक्यांची रांगोळी. ए-४ कागदावर अडीच सेंटिमीटर अंतरानं सात ठिपके सात ओळी घ्या, आजींनाच रांगोळी जोडायला सांगा, रेघा काळ्या मार्करनं ठळक करा आणि १२० जीएसएमच्या (म्हणजे जाडसर) कागदावर तिच्या झेरॉक्स काढा. साध्या ७० जीएसएमच्या कागदावर स्केचपेन पाठीमागे उतरतो, आणि तेच ते घासलं की कागदाची साल निघते. खानापूरकडच्या पावसात कोरे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. दमट कागदावर पेन्सिल नीट उठत नाही.

डोळ्यांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या मानानं सुमारे एक तृतीयांश उरतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. म्हणून गडद निळा, जांभळा आणि काळा सारखेच दिसू लागतात. पेन्सिलींवर रंगाचं नाव मोठ्या अक्षरात चिकटवा. उजव्या हातानं रंगवणाऱ्यांच्या डाव्या बाजूला खिडकी किंवा दिवा ठेवा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की निळे रंग एकदम उजळ दिसतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

निपाणीत आयुष्यभर विड्या वळलेल्या किंवा वडगाव-शहापुरात मागावर बसलेल्या हातांना बारीक पेन्सिल धरवत नाही. जाड तिकोनी पेन्सिल घ्या, नाहीतर साध्या पेन्सिलीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. पकड जाड झाली की बोटं कमी आवळावी लागतात. मनगट अधांतरी नको; कोपरापासून पुढचा हात टेबलावर टेकलेला असावा. थरथर असेल तर याचा फार उपयोग होतो. रंग दाबून भरू नये. मेणाचा थर साचला की त्यावर दुसरा रंग चढत नाही आणि अंगठ्याचा सांधाही दुखतो. हलक्या हातानं दोन-तीन थर द्यावेत. पेन्सिल खाली पडली की आतल्या शिशाचे तुकडे होतात आणि मग टोक करताना ते सारखं मोडतं; म्हणून पेन्सिली काठ असलेल्या ताटात ठेवा. एका बैठकीला २० मिनिटं पुरेत. मधेमधे नजर लांब टाकावी आणि मूठ उघडझाप करावी.

रंगकामानं स्मृतिभ्रंश टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. तसं सांगून कुणाला बसवू नये. ज्यांना विसर पडू लागला आहे, त्यांच्यापुढे बालवाडीची बदकं-फुगे ठेवणं तर अपमानच. त्यांना त्यांच्याच लुगड्याचा काठ द्या: घरं मोठी, रंग तीनच. काठ रंगवताना लग्नातल्या गोष्टी निघाल्या तर पेन्सिल बाजूला ठेवून ऐकावं.

रंगवलेल्या कागदांवर घरच्यांनी तारीख घालून ते जपावेत. घरं हळूहळू अपुरी राहू लागली, अक्षर बारीक होत चाललं, तर डोळ्यांच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला ते कामी येतात. पण एखाद्या दिवशी अचानक चित्राची एकच बाजू, विशेषतः डावी, कोरी सोडलेली दिसली किंवा हातातली पेन्सिल गळू लागली, तर तो पक्षाघात असू शकतो. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि लक्षण किती वाजता दिसलं ते कागदावर लिहून सोबत न्या.