डिग्री, टक्के की माणशी टन? हवामानाची टार्गेट्स कुठून आली

हवामान बदलाच्या बातमीत कधी 1.5 डिग्री येतं, कधी 45 टक्के, कधी 2070, आणि आपण सगळं एकच समजून पुढे जातो. पण टार्गेट कशात मोजायचं यावरच तर खरं भांडण आहे, कारण ओझं कोणाच्या खांद्यावर येणार ते तिथेच ठरतं.

1992 च्या रिओच्या हवामान करारात बंधनकारक आकडाच नव्हता, हरितगृह वायूंचं, म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे वायूंचं, प्रमाण 'धोकादायक' होऊ द्यायचं नाही एवढंच, आणि धोकादायक कोणासाठी ते मोकळं सोडलेलं. 1997 ला क्योटोच्या करारात फक्त श्रीमंत देशांना या वायूंच्या उत्सर्जनात कपात लागली, 1990 च्या तुलनेत सरासरी 5.2 टक्के. 2 डिग्रीचा आकडा, म्हणजे औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत जगाचं तापमान त्याहून जास्त वाढू द्यायचं नाही, युरोपियन युनियन 1996 पासून लावून धरत होती, तो 2010 ला मेक्सिकोतल्या कानकुनच्या हवामान परिषदेत अधिकृत झाला. पण छोटी बेटं म्हणत होती की 2 डिग्रीत आम्ही उरतच नाही, मालदीवने तर 2009 ला मंत्रिमंडळाची बैठक समुद्राखाली घेतली होती, आणि त्यांच्या रेट्यामुळेच पॅरिस करारात 2015 ला 1.5 डिग्री आलं. मग 2018 ला आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शास्त्रज्ञांच्या मंडळाने, सांगितलं की त्यासाठी जगाचं कार्बन उत्सर्जन 2050 च्या आसपास नेट झिरो व्हायला हवं, म्हणजे जेवढं हवेत सोडू तेवढंच परत शोषलं जायला हवं, तिथून बरेच देश नेट झिरोचं वर्ष सांगायला लागले.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेतल्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 लाच मांडलं होतं की देशाची बेरीज नको, माणशी मोजा, भातशेतीतला मिथेन आणि श्रीमंतांच्या गाड्यांचा धूर एका तराजूत कसा घालता? मला हा मुद्दा आजही पटतो. 2007 ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तेच धरून सांगितलं की भारताचं माणशी उत्सर्जन विकसित देशांच्या वर कधीच जाणार नाही. 2009 ला मात्र आपण तीव्रता हे माप घेतलं, म्हणजे जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागे किती कार्बन, 2005 च्या तुलनेत 2020 पर्यंत 20 ते 25 टक्के कमी, 2015 ला ते 2030 पर्यंत 33 ते 35 झालं आणि 2022 ला 45. यात अर्थव्यवस्था वाढली तर एकूण उत्सर्जन वाढूनही टार्गेट पूर्ण होतं, गरीब देशाला एवढी जागा हवीच, पण वाचताना हे माहीत असायला पाहिजे.

ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 ला पंतप्रधान मोदींनी 2070 चं नेट झिरो सांगितलं आणि 2030 पर्यंत ऊर्जेची 50 टक्के गरज अक्षय ऊर्जेतून भागवू असंही म्हटलं. 2022 च्या अधिकृत कागदात त्या जागी विजेच्या स्थापित क्षमतेच्या, म्हणजे सगळी केंद्रं पूर्ण चालली तर जेवढी वीज बनू शकते तिच्या, 50 टक्के कोळसा, तेल, गॅस ही जीवाश्म इंधनं सोडून, असं आलं. फरक मोठा आहे, सोलर पॅनल रात्री बंद असतं, चंद्रपूरचा कोळशाचा संच रात्रीही चालू शकतो. म्हणून 2025 मध्ये क्षमतेचं ते टार्गेट पाच वर्षं आधीच गाठलं तरी देशातली बहुतेक वीज अजून कोळशावरचीच होती.